रुपेरी पडद्यावरील उपेक्षित



आजच्या विषयाचा प्रारंभ एका साध्या प्रश्नाने करतो. 'संत तुकाराम' हा प्रभातचा बोलपट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वडीलधाऱ्यांनी तो जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला, तरुणांनी घरच्या पडद्यावर पाहिला. त्या चित्रपटात तुकोबांचे काम कोणी केले, असे विचारले तर सभागृहातून चार-सहा आवाज तरी एकदम येतील : विष्णुपंत पागनीस. आता दुसरा प्रश्न. त्याच चित्रपटात आवलीचे काम कोणी केले?

येथे बहुधा शांतता पसरते. वाशीतच पसरते असे नाही, पुण्या-मुंबईच्या जाणत्या मंडळींतही पसरते. वास्तविक आवली सर्वांच्या डोळ्यांपुढे उभी असते. तिचा तो पदर खोचलेला, तिची ती म्हैस, भुकेली पोरे, आजारी मुलाला ओढीत देवळात नेऊन प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारणारा तिचा संताप, हे सारे आठवते. आठवत नाही ते फक्त नाव. आजच्या व्याख्यानाचा विषय या शांततेशी निगडित आहे. ज्यांचे काम आपल्या मनात घर करून बसले, परंतु ज्यांच्या नावाला आपण मनात जागा दिली नाही, अशा नट-नट्यांविषयी मी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या तापलेल्या उन्हाळ्यात, पाणी, शेती, शिक्षण असे जिव्हाळ्याचे विषय असताना, सिनेमातल्या दुय्यम नटांची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटी देईन. तूर्त एवढेच म्हणतो की, ज्याचे श्रम आपण वापरतो त्याचे नाव विचारावयाचे नाही, ही सवय केवळ चित्रपटगृहापुरती राहत नाही.

उपेक्षा म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. प्रसिद्धी कमी मिळाली म्हणजे उपेक्षा झाली, असे नव्हे. बेताचे काम करणाऱ्यास बेताची कीर्ती मिळाली तर त्यात अन्याय नाही. कामाची थोरवी एका बाजूस आणि मिळालेली मान्यता दुसऱ्या बाजूस ठेवून पाहता जेव्हा तागडी फार कलते, तेव्हाच उपेक्षा म्हणता येईल. माझ्या मते अशी उपेक्षा तीन प्रकारची आहे. काहींचे काम नष्ट झाले. काहींचे काम राहिले, पण नाव पुसट झाले. आणि काहींचे नाव तर सर्वतोमुखी झाले, परंतु त्यांच्या कलेला आदर मिळाला नाही. लोक हसले आणि विसरले. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे आपण क्रमाने पाहू.

पहिला प्रकार अगदी आरंभापासून सुरू होतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दाखविला गेला. फाळक्यांना आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. त्या चित्रपटात हरिश्चंद्र झाले होते दत्तात्रय दामोदर दाबके, आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके. त्या काळी पडद्यावर यावयास स्त्री मिळेना. ज्यांच्याकडे समाज तिरस्काराने पाहत असे, अशा स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. दहा रुपयांची नोकरी सोडून पंधरा रुपयांवर तो आला, असे सांगतात. भारतीय चित्रपटाची पहिली 'नायिका' ती ही.

पुढे १९१७ साली फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. एकाच नटाने एका चित्रपटात दोन कामे करण्याचे हे आपल्याकडील पहिले उदाहरण मानतात. नायकही तोच आणि नायिकाही तीच! पुढच्या शतकात दुहेरी भूमिका करून कितीक नट नावारूपाला आले. परंतु त्या परंपरेच्या मूळ पुरुषाचे नाव घेणारा विरळा. हाच गृहस्थ पुढे कॅमेराही चालवू लागला, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या.

स्त्रिया आल्या त्याही लगेचच आल्या. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या १९१३ च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. मायलेकी दोघीही रंगभूमीवरच्या. कुलीन घरच्या बाईने नाटकात जाणे हेच जेथे पातक, तेथे चित्रपटात उभे राहणे म्हणजे काय होते, याची आज कल्पना करणे कठीण आहे. या कमलाबाई म्हणजेच कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. नातवाचे नाव घरोघरी माहीत, आणि ज्या बाईने वाट मोकळी केली तिचे नाव मात्र परीक्षेतल्या एका गुणाच्या प्रश्नापुरते उरले.

ही मंडळी विस्मृतीत का गेली, याला एक अगदी भौतिक कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या चित्रपटांची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते; न पेटली तरी उष्णतेने व दमटपणाने चिकट होते, आणि कालांतराने तिची पूड होते. शिवाय तिच्यावर चांदीचा अंश असतो. चित्रपटाचा धंदा संपला की मालक ती रिळे चांदी काढण्यासाठी विकून टाकीत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. आज त्यांतले जेमतेम तीसेक उरले आहेत, आणि तेही बरेचसे तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे हाती आहेत ती अपुरी आहेत, आणि ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ त पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन झाले १९६४ साली. पी. के. नायर यांच्यासारख्या ध्येयवेड्या माणसाने गावोगाव हिंडून रिळे जमविली म्हणून एवढे तरी वाचले. आणि जमविलेलेही सारे टिकले असे नाही. २००३ साली पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या प्रती जळाल्या. त्यांत प्रभातच्याही होत्या.

कवीची वही वाळवीने खाल्ली तरी त्याची कविता कोणाच्या तरी तोंडी राहते. नटाचे तसे नाही. फीत गेली की त्याचा सारा संसारच गेला. याचे ठळक उदाहरण म्हणजे मास्टर विठ्ठल.

मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी उमेदवारी केली, आणि पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत ते घोडेस्वारीचे, तलवारबाजीचे, उड्यांचे नायक म्हणून गाजले. मूकपटांच्या काळात पोरांच्या खेळात जो तो मास्टर विठ्ठल होई. इतकी त्यांची मागणी, की अर्देशीर इराणी यांनी पहिला बोलपट 'आलमआरा' काढावयाचे ठरविले तेव्हा नायक म्हणून त्यांनाच घेतले. शारदा कंपनीने करार मोडल्याचा दावा लावला, आणि विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना! १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलमआरा' झळकला. लोकांची एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले.

परंतु दैवाचा फेरा पाहा. बोलपटाने पडदा बोलका केला आणि पहिल्या बोलपटाच्या या नायकाचीच अडचण केली. कथा उर्दूत, आणि कोल्हापूरच्या या पहिलवानाची जीभ उर्दूला वळेना. म्हणून त्यांची भूमिका बरीचशी गुंगीत, बेशुद्धीत असलेल्या माणसाची ठेवली, असे सांगतात. ज्या कलेवर त्यांनी राज्य केले ती कला, अंगाने बोलण्याची कला, एका रात्रीत जुनी झाली. पुढे मराठी चित्रपटांत, विशेषतः भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत, ते काम करीत राहिले. प्रथम मोठी, मग लहान, मग अगदी लहान. १९६९ साली ते गेले. आणि 'आलमआरा'? त्याची एकही प्रत आज जगात उपलब्ध नाही. भारतातील पहिल्या बोलपटाचा नायक मराठी होता हे अभिमानाने सांगण्याची सोय आहे, पण त्याला त्या भूमिकेत पाहण्याची सोय नाही.

आता दुसरा प्रकार. काम डोळ्यांपुढे आहे, नाव नाही. येथे आपण पुन्हा आवलीकडे येऊ.

'संत तुकाराम' १९३६ सालचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. आवलीचे काम केले ते गौरी या नटीने. गौरी ही काही नाटकमंडळीत गाजलेली नटी नव्हती. प्रभातच्याच परिवारात लहानसहान कामे करीत ती पुढे आली. चित्रपटविषयक पुस्तकांतही तिचे नाव बहुधा 'गौरी' एवढेच येते. पुढे ना आडनाव ना चरित्र.

आता तिचे काम काय होते ते पाहा. पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या चेहऱ्यावर मार्दव होते, डोळ्यांत तंद्री होती. ते तुकाराम म्हणून शोभले याचे श्रेय त्यांचेच. परंतु कल्पना करा की चित्रपटातून आवली काढून टाकली. मग काय राहते? एक साधुपुरुष भजन करतो आणि चमत्कार घडतात, एवढेच. मग तो चित्रपट देवळातल्या तसबिरीसारखा होईल. नमस्कार करावा आणि पुढे जावे. आवली आहे म्हणून त्या घरात चूल आहे, पीठ संपलेले आहे, सावकार आहे, पोराला ताप आहे. नवरा देवाच्या नादी लागला तर घर कोणी चालवायचे, हा खडा सवाल ती करते, आणि तो सवाल खोटा आहे असे चित्रपट एकदाही म्हणत नाही. ती भांडते, पण नवरा उपाशी असेल म्हणून भाकरी घेऊन डोंगरावरही जाते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती स्वयंपाकात आणि पोरांत गुंतलेली. विमान वर जाते. बाई खालीच राहते. त्या क्षणी आपल्या डोळ्यांत पाणी येते ते कोणासाठी, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे.

याला मी नटाचे मोठेपण म्हणतो. पागनीसांनी तुकोबांना आभाळ दिले, गौरीने जमीन दिली. जमिनीवाचून आभाळाची उंची कळत नाही. आणि तरीही आपण स्तुती करतो ती आभाळाची.

दुसरे उदाहरण बाबूराव पेंढारकरांचे. हे भालजींचे थोरले बंधू. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त त्यांनी गंगानाथ केला. पुढे मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्याबरोबर त्यांनी हंस पिक्चर्स ही संस्था काढली. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटात ते चिनी सेनापती झाले. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटात ते स्वतः जोतिराव झाले. त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आणि १९५७ च्या 'दो आंखें बारह हाथ'मध्ये, व्ही. शांतारामांच्या ध्येयवादी तुरुंगाधिकाऱ्यासमोर, त्या प्रयोगाविषयी साशंक असलेला वरिष्ठ अधिकारी झाले.

गंगानाथ, चिनी सेनापती, महात्मा फुले, तुरुंगाचा अधिकारी. एका माणसाने एवढ्या निरनिराळ्या प्रकृतीची माणसे उभी करावी आणि कोठेही 'बाबूराव' दिसू नयेत, ही सिद्धी सामान्य नव्हे. पण त्यातच उपेक्षेचे बीज आहे. जो नट प्रत्येक चित्रपटात स्वतःच राहतो, तो लोकांच्या ओळखीचा होतो. जो प्रत्येक वेळी दुसरा होतो, त्याला लोक ओळखत नाहीत. त्याचे यशच त्याच्या नावाच्या आड येते. 'चित्र आणि चरित्र' हे त्यांचे आत्मचरित्र वाचनालयात मिळाले तर तरुणांनी अवश्य वाचावे.

येथे एक व्यवस्थेचा भाग सांगितला पाहिजे. शासनाचे चित्रपट पुरस्कार सुरू झाले ते १९५४ साली, आणि पहिले सुवर्णपदक मिळाले आपल्या 'श्यामची आई'ला. त्या चित्रपटाचा प्राण कोणता? आई. ती भूमिका केली वनमाला यांनी. मूळच्या माळव्या-ग्वाल्हेरकडील, पदवीधर, 'सिकंदर'सारख्या भव्य हिंदी चित्रपटात चमकलेली ही नटी कोकणातल्या गरीब घरची आई झाली, आणि अशी झाली की तिच्यात रुपेरी झगमगाटाचा लवलेश राहिला नाही. पदक मिळाले ते चित्रपटास. नटीस मिळाले नाही. कारण अभिनयासाठी पदकच नव्हते! अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९६७ सालापासून, आणि तेही नायक-नायिकांच्या मानाचे. दुय्यम भूमिकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार आला तो १९८४ च्या चित्रपटांपासून. त्या पहिल्याच वर्षी 'पार्टी' या चित्रपटासाठी तो रोहिणी हट्टंगडी यांना मिळाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्यापूर्वीची तीस वर्षे? त्या तीस वर्षांत ज्यांनी बाप, सासू, पाटील, नोकर, म्हातारी, वेडा अशी माणसे उभी केली, त्यांच्या नावाची नोंद करावयास राष्ट्राच्या वहीत रकानाच नव्हता.

याउलट 'फिल्मफेअर' या नियतकालिकाने आपले पुरस्कार १९५४ साली सुरू केले आणि पुढच्याच वर्षी दुय्यम भूमिकांचा रकाना उघडला. १९५५ साली तो मान कोणाला मिळाला? 'बूट पॉलिश'मधील जॉनचाचासाठी डेव्हिड यांना, आणि 'बादबान'साठी उषा किरण यांना. डेव्हिड हे मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले. उषा किरण तर आपल्याच. रकाना उघडताच आपली माणसे त्यात दिसू लागली, यावरून रकाना नसल्यामुळे किती माणसे दिसली नसतील याचा अंदाज करावा.

आता तिसरा प्रकार, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा. नाव सर्वांना ठाऊक, पण आदर नाही.

गणपत पाटील हे नाव घेताच सभागृहात हसू उमटते. तमाशाप्रधान चित्रपटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, हे समीकरणच झाले. 'सवाल माझा ऐका', 'गणाने घुंगरू हरवले' आणि असे कितीतरी चित्रपट. ती मान वेळावणे, ते हाताचे मुरडणे, तो लाडिक स्वर. पडद्यावर येताच तंबूत शिट्ट्या. परंतु क्षणभर हसू बाजूस ठेवून विचार करू. कोल्हापूरच्या एका गरीब घरातला हा माणूस. संसारी, मुलाबाळांचा धनी. त्याने अशी भूमिका घेतली की तिच्यात थोडे कमी पडले तर ती फिकी होते आणि थोडे जास्त झाले तर ओंगळ होते. तो तोल त्याने वर्षानुवर्षे सांभाळला. तमाशातील नाच्या हे केवळ हसण्याचे पात्र नव्हे; तो गणगौळणीत मावशीबरोबर कथा पुढे नेतो, राजाची फजिती करतो, सोंगाड्याला शब्द पुरवितो. ती जुनी विद्या त्यांनी पडद्यावर आणली.

त्याचे फळ काय मिळाले? लोकांनी सोंग खरे धरले. भूमिकेचा शिक्का माणसावर बसला, घरच्या माणसांनाही त्याचा जाच झाला, आणि चित्रपटांनीही त्यांस दुसरे काम देण्याचे टाळले. 'रंग नाच्याचा' या आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले तेही त्याच भूमिकेचे. २००८ साली ते गेले. राजाचे काम करणाऱ्या नटास रस्त्यात कोणी मुजरा करीत नाही. मग नाच्याचे काम करणाऱ्यास रस्त्यात कोणी का चिडवावे? याचा अर्थ एवढाच की, पडद्यावर पाहून आपण हसलो ते त्याच्या कलेला नव्हे. आपल्या मनात आधीपासून असलेल्या एका हेटाळणीला त्याने नकळत जागा करून दिली. दोष कलावंताचा नव्हे, पाहणाऱ्याच्या डोळ्याचा आहे.

निळू फुले यांनाही याचा अनुभव आला. सेवादलाच्या मुशीतला, सार्वजनिक कामात आयुष्य घालविणारा हा सज्जन माणूस. परंतु पडद्यावरचा पाटील इतका हुबेहूब, की गावोगावच्या बायाबापड्या त्यांस पाहून बिचकत. फरक एवढाच की निळूभाऊंना 'सामना' आणि 'सिंहासन' मिळाले, जाणकारांनी त्यांची योग्यता ओळखली. गणपत पाटलांना त्यांचा 'सामना' कोणी लिहून दिला नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुन्या काळचे झाले. तसे नाही. आपल्या परंड्याच्या शेजारी करमाळा तालुका आहे. तेथल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' काढला. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचे नाव झाले. पण त्याचा बाप कचरू, भर गावादेखत डुकराच्या मागे धावणारा, अपमान गिळून गिळून वाकलेला, तो किशोर कदम यांनी केला. आणि आई केली छाया कदम यांनी. त्या बापाची मान खाली नसती तर मुलाच्या हातातला दगड कसा उचलला गेला असता? छाया कदम यांचे नाव देशभर झाले ते २०२४ साली, पायल कपाडिया यांच्या चित्रपटास कान महोत्सवात ग्रँड प्री मिळाल्यावर. म्हणजे फ्रान्सने टाळ्या वाजविल्या, आणि मग आपण मान वळवून पाहिले.

तसेच २०१४ चा 'कोर्ट'. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे झाले वीरा साथीदार. नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक, नट म्हणून अपरिचित. चित्रपटास व्हेनिसला मान मिळाला, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यातच गीतांजली कुलकर्णी यांनी सरकारी वकील केली आहे. ती बाई खलनायिका नाही. कोर्टातून सुटून घरी जाते, स्वयंपाक करते, पोरांचा अभ्यास घेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शांतपणे एका माणसास तुरुंगात ठेवण्याची मागणी करते. आवाज न चढविता केलेले असे काम चटकन दिसत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये महामारीत वीरा साथीदार गेले.

तर मग पाहावे कसे? कोणते काम थोर आणि कोणते बेताचे, हे सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे? मी चार सोप्या कसोट्या सुचवितो. पहिली : ते पात्र मनाने काढून टाका आणि पाहा, गोष्ट लंगडते का? आवलीची परीक्षा आपण अशीच घेतली. दुसरी : समोरचा बोलत असताना हा नट काय करतो ते पाहा. बोलणे पुष्कळांना येते. ऐकण्याचा अभिनय थोड्यांना येतो. तिसरी : त्याच नटाची दोन कामे शेजारी शेजारी ठेवा. १९४१ चा 'शेजारी' घ्या. मराठीत गजानन जागीरदार मिर्झा झाले आणि केशवराव दाते त्यांचे हिंदू शेजारी. हिंदी 'पडोसी'त मिर्झा पुन्हा जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. आता हेच केशवराव दाते १९३७ च्या 'कुंकू'तील म्हातारे काकासाहेब म्हणून पाहा, म्हणजे नट किती दूर जाऊ शकतो ते कळेल. चौथी : चित्रपट संपल्यावर दोन दिवसांनी कोणाचा चेहरा आठवतो ते पाहा. जाहिरातीत ज्याचा चेहरा होता तोच आठवतो का, की दुसराच?

या कसोट्यांना सारेच उपेक्षित उतरतील, असे नाही. काहींची उपेक्षा योग्यही ठरेल. पण निवाडा तरी होईल. विस्मरण हा निवाडा नव्हे.

आता आरंभीच्या आक्षेपाचे उत्तर. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनी मंडळी सांगतात की सिनेमा पाहावयाचा तर बार्शी गाठावी, नाहीतर जत्रेतल्या तंबूची वाट पाहावी. पडद्यावर आपला भाग, आपली बोली, आपली माणसे फार उशिरा आली, आणि आली तीही बहुधा दुय्यम भूमिकांत. गडी म्हणून, पाटलाचा माणूस म्हणून, हसू आणणारा खेडूत म्हणून. म्हणजे ज्या भूमिकांना आपण 'लहान' म्हणतो, त्या भूमिकांत आपणच असतो. गोष्ट नायकाची असते. गाव मात्र या लहान माणसांचे असते. त्यांचे नाव न विचारणे म्हणजे आपलेच नाव न विचारणे होय. शेतात राबणारा, रस्ता करणारा, घरात चूल पेटविणारी, या सर्वांच्या बाबतीत आपण हेच करतो. फळ पाहतो, हात पाहत नाही.

उपाय मोठे नाहीत. चित्रपट संपताना नावे वर सरकू लागली की लगेच उठू नये. शाळेत 'श्यामची आई' दाखविताना वनमालांचे नाव मुलांना सांगावे. येथील वाचनालयाने नटांच्या आत्मचरित्रांचे एक कपाट करावे. ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला ती पिढी आता थोडी उरली आहे; तिच्याजवळ बसून, कोणता चित्रपट कोठे पाहिला, कोणाचे काम मनात राहिले, हे तरुणांनी वहीत उतरवून घ्यावे. फीत जळते, वही जपली तर राहते. आणि येत्या जत्रेत तमाशाचा फड आला, तर नाच्याचे काम करणाऱ्याचे नाव विचारावे. हसू जरूर यावे, त्यासाठीच तो नाचतो. पण हसून झाल्यावर त्याचे नाव विचारावे.

आणि घरी गेल्यावर कोणी विचारले की आज व्याख्यानात काय ऐकले, तर बाकी काही न सांगता एवढेच सांगा : 'संत तुकाराम'मधली आवली गौरीने केली होती.